सिमेंटचे बलुतेदार

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलीकडे बैलांची संख्या वाढली आहे. या बैलांना वैरण लागत नाही, पोळ्याला त्यांच्या शिंगांना बेगड चिकटवावी लागत नाही आणि विकायची वेळ आली तर त्यांना बाजारही नाही. ते सिमेंटचे आहेत. मिसळीच्या हॉटेलांच्या दाराशी, कृषिपर्यटन केंद्रांच्या फाटकाशी, कोठे गाडीला जुंपलेले तर कोठे नांगर ओढणारे असे ते उभे असतात. शेजारी लाल पागोट्याचा शेतकरी, जात्यावर बसलेली नऊवारीतली बाई, क्वचित एखादा वासुदेव. सळ्या आणि जाळीच्या सांगाड्यावर सिमेंट थापायचे, वरून ऑइलपेंट द्यायचा, डोळे मात्र मोठे काढायचे, ही त्यांची घडण. गिऱ्हाईक मिसळ खाते, बैलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढते आणि गडावर किंवा सापुताऱ्याला निघून जाते. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून फिरणारा छोटा ट्रॅक्टर आला तेव्हा बैल गोठ्यातून गेला; तो आता रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला आहे.

या प्रकाराचे थोरले घर कोणते, असे कोणी विचारले तर मी कोल्हापूरजवळच्या कणेरीकडे बोट दाखवीन. कणेरी हे कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या गोकुळ शिरगावपासून थोडे आत असलेले गाव. तेथील सिद्धगिरी मठ हे काडसिद्धेश्वर परंपरेचे जुने पीठ. विद्यमान मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून २००७ साली तेथे ‘सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय’ उभे राहिले. सुमारे सात एकरांच्या परिसरात ऐंशीच्या आसपास देखावे आणि तीनशेच्या घरात पुतळे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, नांगरट, पेरणी, मळणी, तेलघाणा, कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, चांभाराची आरी, न्हाव्यापुढे मान तुकवून बसलेले गिऱ्हाईक, कीर्तन, बाजार, मुलांचे खेळ. आपले गाव परावलंबी होण्यापूर्वी कसे होते ते दाखवावे, हा त्यामागचा हेतू. लंडनच्या मादाम तुसादच्या मेणाच्या पुतळ्यांशी त्याची तुलना नेहमी केली जाते. त्या तुलनेत एक फरक नजरेआड होतो. लंडनमध्ये राजे, नट आणि खेळाडू मेणाचे होऊन उभे आहेत. कणेरीत कुंभार, तेली, रामोशी आणि गुरव उभे आहेत. कोणाचा पुतळा करावा, या प्रश्नाचे हे उत्तर माझ्या मते अधिक मोठ्या मनाचे आहे.

गेल्या वर्षी दिंडोरीहून बेळगावला गाडीने जाण्याचा योग आला. साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर. नाशिक, संगमनेर, पुणे, सातारा, कराड असे करीत कोल्हापूर ओलांडेपर्यंत पाठ बोलू लागते आणि रस्त्यावर डोळ्यांना धरून ठेवील असे काही उरत नाही. सहापदरी रस्त्याने गावे वेशीबाहेर नव्हे, तर थेट दृष्टीबाहेर टाकली आहेत. पूर्वी प्रत्येक गाव आपल्या चहाच्या टपरीने, पारावरच्या मारुतीने आणि एस.टी.च्या थांब्याने प्रवाशाला स्वतःची ओळख करून देत असे. आता उड्डाणपुलाखालून गाव जाते आणि वरच्या निळ्या पाटीवर त्याचे नाव तेवढे दिसते. अशा रस्त्यावरून जाताना माणसाला गाव पाहायचे असेल तर त्याला ते तिकीट काढूनच पाहावे लागणार. म्हणून कणेरीच्या फाट्यावर गाडी वळवली. यापूर्वी २००९ साली तेथे गेलो होतो. मधल्या काळात रंग पुन्हा दिले गेले आहेत, झाडे वाढली आहेत, गर्दी कितीतरी पटींनी अधिक आहे. कुंभाराच्या चाकावरचे मडके मात्र अद्याप उतरलेले नाही.

हे सारे भडक आहे, यात शंका नाही. गुलाबी गालांचे लोहार, निळसर झाक असलेल्या म्हशी, सुतारापासून सोनारापर्यंत सर्वांच्या चेहऱ्यावर एकसारखी तृप्ती. पुण्या-मुंबईतला कलासमीक्षक येथे दहा मिनिटेही टिकणार नाही. तो नाक मुरडील आणि ‘अभिरुचीचा अभाव’ असा शेरा मारून मोकळा होईल. कला शाखेची पदवी घेताना असे नाक मुरडण्याचे रीतसर शिक्षण मलाही मिळालेले आहे, त्यामुळे तो शेरा कोणत्या शब्दांत असेल हेही सांगू शकतो. पण या समीक्षकांची स्मृती फार तोकडी असते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांत पोहोचवली, तेव्हा त्या चित्रांनाही बाजारू म्हणणारे होतेच. पुढे मळवलीला हललेल्या त्याच छापखान्यात काम केलेले त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणतात आणि भारतीय चित्रपटाचा जन्म होतो. फाळक्यांच्या पौराणिक पटांमधले चमत्कार आज पाहिले तर तेही कणेरीच्या पुतळ्यांइतकेच भाबडे वाटतील. सार्वजनिक गणेशोत्सवातले हलते देखावे ही त्याच कुळातली पुढची पिढी. कणेरीचे गाव या घराण्यातले आहे. ज्या समाजाला संग्रहालयाच्या काचेआडच्या चिठ्ठ्या वाचण्याची सवय नाही, पण रात्र-रात्र रांगेत उभे राहून गणपतीचे देखावे पाहण्याची आहे, त्या समाजाशी बोलण्याची ही भाषा आहे.

आणि ती भाषा काम करते, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. मोटेच्या देखाव्यापुढे एक आजी आपल्या दोन नातवंडांना उभे करून सांगत होत्या. ही मोट, हा नाडा, हा सोंदूर, बैल जातात ती धाव, पाणी पडते ते थारोळे. मुले शहरातली दिसत होती. त्यांनी ‘थारोळे’ हा शब्द वर्तमानपत्रातल्या ‘रक्ताच्या थारोळ्यात’ या प्रयोगाखेरीज कधी ऐकला असण्याची शक्यता नाही. कदाचित तोही नाही. मोठ्या मुलीने विचारले, “आजी, तू मोट हाकलीस?” आजी म्हणाल्या, “म्या न्हाई, तुझ्या पणज्यानं. म्या दारं धरायची.” मग दारे धरणे म्हणजे काय, वाफा कसा भरायचा, पाणी दुसऱ्या वाफ्यात कसे वळवायचे, हे सांगण्यात त्या रंगून गेल्या. मागे रांग तुंबली. कोणी तक्रार केली नाही. पुढे तिफणीपाशी एक गृहस्थ पाभर आणि तिफण यांतला फरक बायकोला समजावून देत होते आणि बायको तो त्यांच्याहून चांगला जाणत होती.

वस्तू गेली की तिचा शब्द जातो, हे आपण भाषेच्या चर्चांमध्ये नेहमी म्हणतो. कुळव, वखर, शिवळ, जोते, मुसके, शिंके, उतरंड, कणगी, बलद हे शब्द कोशात आहेत, तोंडात नाहीत. कणेरीत ते तासाभरासाठी तोंडात परत येतात. घरी मोबाईलचे बटण कोठे दाबायचे हे नातवाला विचारणारी आजी तेथे शिक्षिका होते आणि नातू ऐकतो. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांनी जे साधले नाही ते रंगवलेल्या सिमेंटने साधले असेल, तर हसण्याआधी थोडे थांबले पाहिजे. आपले स्वत्व काय होते हे पाहण्याची भूक हिंदू समाजाला आहे आणि ती कोणी परिषदा भरवून निर्माण केलेली नाही. सहलीच्या बसगाड्या भरून माणसे येतात ती याच भुकेपोटी.

मोटेच्याच देखाव्यापुढे थोड्या वेळाने एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात काठी, सोबत नोकरदार वाटावा असा मुलगा. बराच वेळ ते पाहत राहिले. मग मुलाला एवढेच म्हणाले, “समदं बराबर केलंय. आमची हीर मातर हिकडं न्हवती. वढ्याच्या पल्याड हुती.” मुलगा काही बोलला नाही. दोघे पुढे गेले.

हे वाक्य बेळगावपर्यंत आणि तेथून परत दिंडोरीपर्यंत माझ्यासोबत आले. देखाव्यातल्या गावाला एक विहीर असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक खऱ्या गावांना निदान दोन होत्या, आणि दुसरी कोठे होती व का होती हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले. महसूल खात्यात काम केलेल्या या माणसाने गाव आतून पाहिले होते. बलुत्याची वाटणी, वतनांचे तंटे, कामचुकारपणा, फिरस्त्यांची भीक, कुणब्यावर पडणारा सगळ्यांचा भार, हे सारे त्यात आहे. गावगाड्यात कौशल्य होते, परस्परावलंबन होते, दुष्काळातही कोणालाच अगदी वाऱ्यावर न सोडणारी एक व्यवस्था होती. आणि त्याच गाड्याच्या चाकाखाली काही माणसे पिढ्यान् पिढ्या होती. इंग्रजी अंमलात रयतवारीची जमाबंदी, गिरणीचे कापड आणि कारखान्याचा लोखंडी माल आल्यावर हा गाडा मोडला, हे खरे. ज्यांच्या वाट्याला मेलेली गुरे ओढण्याचे काम होते त्यांना तो मोडल्याचे दुःख सर्वांइतके झाले नसेल, हेही तितकेच खरे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांविषयी जे कठोर उद्गार काढले, ते अनेक ग्रामप्रेमींना आजही झोंबतात. झोंबणे स्वाभाविक आहे. पण ते उद्गार काढणाऱ्याने गाव ओढ्याच्या पलीकडून पाहिले होते.

आपल्या विचारपरिवाराने हा प्रश्न टाळलेला नाही, म्हणूनच तो येथे मांडतो. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा निःसंदिग्ध अर्थाचे विधान केले. १४ एप्रिल १९८३ रोजी, वर्षप्रतिपदा आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी आलेली असताना, सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. ही भूमिका भाषणात मान्य आणि देखाव्यात अमान्य, असे कसे चालेल? पूर्वजांचा गौरव करताना त्यांच्या चुकांवरही रंग फासला तर ज्यांनी त्या चुका सोसल्या त्यांना आपण देखाव्याबाहेर उभे करतो. तो वृद्ध गृहस्थ संग्रहालयाला नावे ठेवीत नव्हता. ‘समदं बराबर केलंय’ हे त्याचे पहिले वाक्य होते आणि ते मनापासून होते. त्याला गाव आपले वाटत होते. गावाने त्याला आपले मानल्याची खूण मात्र तो त्या तीनशे पुतळ्यांत शोधत होता, असे मला वाटले.

कणेरीच्या मठाला केवळ पुतळ्यांपुरते पाहणे अन्यायाचे होईल. तेथे कृषी विज्ञान केंद्र आहे, मोठी गोशाळा आहे, रुग्णालय आहे. देशी गाय, सेंद्रिय शेती, एका एकरात अनेक पिके असे प्रयोग तेथे वर्षानुवर्षे चालू आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत पंचमहाभूत लोकोत्सवाच्या निमित्ताने पर्यावरणाचा विषय तेथे मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. पण गर्दीचा स्वभाव निराळा असतो. त्या दिवशी सिमेंटच्या गायीपाशी फोटोसाठी रांग होती. जिवंत गायी जवळच असूनही त्यांची चौकशी करणारे फारसे दिसले नाहीत. जिवंत गाय हलते, शेण टाकते आणि फोटोसाठी थांबत नाही.

जगात अशी संग्रहालये आणखीही आहेत. आर्तुर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोममध्ये ‘स्कानसेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. कारखानदारीच्या लाटेत स्वीडनचे खेडे नाहीसे होणार, हे त्याने ओळखले होते. त्याने देशभरातली खरी घरे उतरवून आणली, तुळई-तुळई जुळवून पुन्हा उभी केली आणि त्यांत काम करणारी माणसे ठेवली. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडूला, समुद्रकाठच्या रस्त्यावर, १९९६ पासून ‘दक्षिणचित्र’ आहे. तेथेही दक्षिणेकडच्या राज्यांतली मूळची घरे आणून बसवली आहेत आणि कारागीर आपापली कामे करताना दिसतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात उलटा प्रवास चालू आहे. वाडे पडतात, त्यांचे कोरीव खांब आणि दरवाजे कोणत्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जातात, आणि मग त्याच रिसॉर्टच्या अंगणात सिमेंटचा वाडा बांधला जातो. खरा खांब आत शोभेला, खोटा वाडा बाहेर फोटोला.

म्हणून माझा आक्षेप भडकपणावर नाही. भडक रंगांचे वावडे असते तर मी दिंडोरी तालुक्यात राहूच शकलो नसतो. आमच्या पश्चिमेकडच्या कोकणा आणि महादेव कोळी पाड्यांवर, पेठ-सुरगाण्यात, त्र्यंबकच्या डोंगरात आणि खाली मोखाडा-जव्हारपर्यंत उन्हाळ्यात बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, त्यांवर लाल, पिवळा, हिरवा, निळा असे उघडेवाघडे रंग. दहा तोंडांचा रावण, जीभ काढलेला नरसिंह, सोंडेचा गणपती, त्राटिका, महिषासुर. कणेरीचे पुतळे या मुखवट्यांपुढे फिके पडतील. पण रात्री संबळ वाजू लागतो, पिपाणी सूर धरते, मशाली पेटतात, आणि तो मुखवटा कोणीतरी तोंडावर चढवतो. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा मान ठरलेला असतो. ज्याच्या घरात नरसिंह आहे त्याने तो नाचवायचा. नोकरीला नाशिकला असला तरी त्या रात्री यायचे. मुखवट्याचे वजन मानेवर घेऊन तो नाचतो, घामाने निथळतो आणि पहाटे देवीची स्वारी निघते तेव्हा म्हाताऱ्या बाया त्याच्या पाया पडतात. मुखवटा उतरला की तो पुन्हा वाडीवरचा शेतकरी किंवा द्राक्षबागेतला मजूर असतो. पुढच्या वर्षी रंग उडाला म्हणून तोच मुखवटा पुन्हा रंगवला जातो.

बोहाड्याचा रावण आणि रस्त्याकडेचा सिमेंटचा शेतकरी यांत भडकपणाचा फरक नाही. एकाच्या आत माणूस आहे, एवढाच फरक आहे. या पाड्यांवरच्या लोकांना त्यांच्या देवांपासून तोडू पाहणाऱ्या शक्तींविषयी आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. त्याच पाड्यावरचा मुखवटे करणारा कारागीर आज काय करतो, त्याचा मुलगा ती कला शिकतो का, लाकूड त्याला मिळते का, याची विचारपूस आपल्यापैकी कितीजण करतात? हॉटेलच्या दारात बैल उभा करण्यासाठी बाहेरून मूर्तिकार येतो. वीस-पंचवीस किलोमीटरवर मुखवटे घडवणारे हात आहेत, त्यांना ते काम कोणी विचारत नाही.

दिंडोरीच्या गावाविषयी आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही देखाव्यात मावणार नाही. आमच्या तालुक्यातले वाघाड धरण. त्याच्या कालव्याचे पाणी शेपटाकडच्या, म्हणजे ओझरकडच्या, शेतकऱ्यांना कागदावर मिळत असे, शेतात मिळत नसे. वरचे घेतात, खालचे पाहतात, हा कालव्यांचा सर्वत्र चालणारा कायदा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९० नंतर महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पट्टी स्वतः गोळा करायची, चाऱ्या स्वतः दुरुस्त करायच्या. पुढे धरणाच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून प्रकल्पपातळीवरची संस्था केली. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा अधिनियम राज्याने २००५ साली केला. वाघाडचे शेतकरी त्यापूर्वीच ते करीत होते. ज्या द्राक्षबागांपुढे उभे राहून पर्यटक फोटो काढतात त्यांतल्या कित्येक बागांच्या मुळाशी हे मोजून घेतलेले पाणी आहे.

गावाची स्वयंपूर्णता म्हणतात ती ही. बारा बलुतेदार नव्हे, पण बारा प्रकारची माणसे एका चारीवर बसून, भांडून, पुन्हा एकत्र बसून पाण्याच्या पाळ्या ठरवतात. भांडण तर हमखास असते. मी अशा काही बैठकांना बसलो आहे. तेथे कोणाच्याही चेहऱ्यावर कणेरीची तृप्ती नसते. कोणाचे तरी पीक पाण्यावाचून अडलेले असते आणि कोणीतरी रात्री दार फोडून पाणी चोरलेले असते. तरीही सकाळी पाळी ठरते. या गावाचा पुतळा कसा करणार? मोजमापाच्या फुटपट्टीकडे वाकून पाहणारा माणूस सिमेंटमध्ये केला तर त्याच्यासोबत फोटो कोण काढील?

हे सर्व आता लिहिण्याचे कारण आहे. नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ म्हटले की रस्त्यांची रुंदी, चौकांचे सुशोभीकरण, प्रवेशद्वारे, शिल्पे हे विषय ओघाने येतात. वणीच्या देवीला जाणारा प्रवाहही वर्षागणिक वाढतो. नवरात्रात आणि चैत्रात पायी जाणाऱ्यांनी हा रस्ता भरून जातो. आमच्याकडे चावडीवरच्या गप्पांत ‘दिंडोरीलाही कणेरीसारखे एखादे गाव उभारावे’ अशी सूचना मी एकाहून अधिक वेळा ऐकली आहे. सूचना करणारी माणसे सद्भावनेची आहेत. पोरांना रोजगार मिळेल, भाविक तासभर थांबतील, तालुक्याचे नाव होईल, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. आणि खरेच, आज रस्त्यावरून जाणाऱ्याला या तालुक्याविषयी काय कळते? पेठ रस्त्यावर रामशेजच्या पायथ्यावरून रोज हजारो वाहने जातात. संभाजीमहाराजांच्या काळात, १६८२ पासून पाच वर्षांच्या आसपास, औरंगजेबाच्या एकामागून एक आलेल्या सरदारांना या लहानशा किल्ल्याने दाद दिली नाही. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर लाकूड पोखरून आणि कातडे वापरून तोफा केल्या होत्या, असे खाफीखानासारखा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार लिहून ठेवतो. शत्रूने केलेली ही स्तुती आमच्या शाळकरी मुलाला ठाऊक नसेल, आणि हॉटेलच्या दारातली सिमेंटची तोफ मात्र त्याच्या फोटोत असेल, तर दोष त्याचा नाही. रामशेजच्या वाटेवर त्याला थांबवून गोष्ट सांगणारे कोणी नाही. हॉटेलच्या दारात निदान तोफ तरी आहे.

तेव्हा दिंडोरीला गाव उभे राहायचे असेल तर राहू दे. पण ते इकडचे असू दे. कणेरीची नक्कल केली तर देशावरच्या बारा बलुतेदारांची यादी येईल आणि आमच्या निम्म्या तालुक्याचा त्यात पत्ता लागणार नाही, कारण पाड्यांवर ती व्यवस्था पूर्णपणे कधी नव्हतीच. येथे बोहाड्याचे मुखवटे करणाऱ्याला बसायला जागा, लाकूड आणि कामाचा दाम मिळावा. रामशेजच्या लाकडी तोफेची गोष्ट सांगायला गावातलीच मुले तयार करावीत आणि त्यांना मानधन द्यावे. वाघाडच्या चारीवरची ती फुटपट्टीही कोठेतरी दाखवावी, फोटो कोणी काढो न काढो. आणि दादासाहेब गायकवाडांना विसरून चालणार नाही. भाऊराव कृष्णाजी गायकवाड १९०२ साली याच तालुक्यातल्या आंबे गावी जन्मले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सुरू झालेल्या सत्याग्रहाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. हिंदूंना हिंदूंच्या देवळात जाता यावे, एवढीच ती मागणी होती, आणि पाच वर्षे दार उघडले नाही. दिंडोरीच्या गावाचा देखावा दादासाहेबांखेरीज पुरा होणार नाही, आणि ते त्यात आले की देखाव्यातल्या देवळाचे दार उघडे काढायचे की बंद, हा प्रश्न येतो.

पाणवठ्याचे तसेच आहे. तो देखाव्यात घ्यायचा ठरला, तर विहीर एक करायची की दोन, हे मूर्तिकाराला काम देतानाच सांगावे लागेल.